अनुभव धागा: तुम्ही लिहिलेलं, वाटलेलं किंवा वाचून काही केलेलं पत्रक

शाल्मली_स
आज पेपर उघडला तर क्लासेस आणि गाद्यांच्या जाहिरातींमधून नेत्रदानाचं साधं एकरंगी पत्रक खाली पडलं आणि आईची फार आठवण आली. ऐंशीच्या दशकात सदाशिव पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बसून ती महिला मंडळासाठी अशी पत्रकं लिहायची. फुलस्केपवर कच्चं लिहून झालं की भजनाला जमलेल्या बायकांना वाचून दाखवायची आणि कोण कुठे अडवतंय ते समासात टिपायची. 'अगो, पण चष्मा असला तर?' 'मोतीबिंदू काढलेला चालतो का?' 'तोंड विद्रूप नाही ना दिसत?' मग 'नेत्रदान श्रेष्ठ दान' वगैरे सगळं जायचं आणि हे प्रश्न बायकांच्याच शब्दांत वर यायचे. खाली उत्तरं: चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह असला तरी चालतं. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत, जितकं लवकर तितकं बरं. पंखा बंद करा, पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, नेत्रपेढीला फोन करा. माणसं घरी येतात, पैसे घेत नाहीत. फोन नंबर सगळ्यात मोठ्या टायपात. ज्या घरात नुकतंच कोणी गेलंय तिथे कागद शोधायला कोण बसणार, म्हणून शेवटची ओळ असायची: 'हे पत्रक कॅलेंडरच्या खिळ्याला अडकवून ठेवा.'
आमच्या शेजारच्या आजोबांच्या वेळी त्यांच्या सुनेने खिळ्यावरूनच काढलं होतं.
तुमचेही अनुभव लिहा. लिहिणारे, छापणारे, वाटणारे, सगळेच.

खिळेजुळारी
वडिलांचा नारायण पेठेत ट्रेडल, म्हणजे पायाने चालवायचं छपाईयंत्र होतं. गिऱ्हाईक दोन पानं मजकूर घेऊन यायचं आणि हवं असायचं डेमी एकअष्टमांश, म्हणजे वहीच्या पानाएवढा कागद! बाबा म्हणायचे, 'हे उभ्या उभ्या वाचून दाखवा, दम लागेल तिथे थांबा.' थांबेल तिथे पेन्सिलची रेघ. पाहुण्यांची नावं काढायला मात्र कोणी तयार नसायचं. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, स्वागतोत्सुक यातच अर्धा कागद संपायचा आणि कार्यक्रम किती वाजता ते तळाला बारीक. बाबा वार, तारीख, वेळ, जागा चौकट करून वर घ्यायचे. एकदा पत्रकात 'ळ' इतके आले की केसमधले (अक्षरांच्या खणांच्या पेटीतले) 'ळ'चे खिळे, म्हणजे शिशाचे टाइपच संपले, शेजारच्या प्रेसमधून आणले.
निवडणुकीच्या पत्रकाला मात्र ते फार कडक. मुद्रक-प्रकाशकाचं नाव-पत्ता नसेल तर मशीनवर चढायचं नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७-ए त्यांना तोंडपाठ. प्रकाशकाची सही, ओळखणाऱ्या दोघांची साक्ष, मगच काम.

मंदार_नापे
प्रेस पत्र्या मारुतीजवळ का हो?

खिळेजुळारी
तिथून अलीकडे, बोळात.

मंदार_नापे
मग बेडेकरांची मिसळ रोजचीच असणार. नशीबवान आहात!

अश्विनी७
शाल्मलीताई, खिळ्याचं वाचून डोळे भरले. बसमध्ये आहे, रात्री सविस्तर लिहिते.

कोथरूडकर_सेक्रेटरी
डेंग्यूचं सांगतो. जुन्या कमिटीची पत्रकं 'डेंग्यू हा एडिस डासामुळे पसरणारा विषाणूजन्य आजार असून' अशी सुरू व्हायची. खरी माहिती, पण वाचून माणसाने करायचं काय? गेल्या पावसाळ्यात मी पहिलीच ओळ घेतली: 'फ्रिजमागचा ट्रे आत्ता बघून या.' मग कुंडीखालची ताटली, मनीप्लँटची बाटली, गच्चीतलं टायर. हा डास दिवसा चावतो आणि घरातल्या साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, हे एका वाक्यात. अंड्याचा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात म्हणून दर रविवारी सगळं ओतून, घासून कोरडं. हे कारण लिहिलं तेव्हाच लोकांना 'आठवड्यातून एकदा' पटलं, त्याआधी ती नुसती सूचना वाटायची. बी विंगच्या आज्जी रात्री आठला फोन करून म्हणाल्या, 'अहो, ट्रेमध्ये खरंच वळवळतंय!'

गौरी_धायरी
ईईई. आमचाही ट्रे बघून आले. पाणी होतं. ओतलं.

तन्मय_के
मला प्रामाणिकपणे वाटतं की हल्ली व्हॉट्सॅप पुरतं. पेपरातले कागद सरळ रद्दीत जातात.

कोथरूडकर_सेक्रेटरी
तन्मय, ग्रुपवरचा मेसेज दुपारपर्यंत सुप्रभातांखाली गाडला जातो. लिफ्टमधला कागद महिनाभर दिसतो. शिवाय वॉचमन, कामवाल्या मावशी ग्रुपवर नसतात, आणि झाडांना पाणी घालणारे तेच.

शैलजा_जोशी
माझं वय ७४. पोरांनो, रंगीत कागदावर फिकट अक्षरं छापू नका आणि टाइप मोठा घ्या. औषधाच्या दुकानातला तो गुळगुळीत कागद दिव्याखाली चकाकतो, काही वाचता येत नाही.

अश्विनी७
आले. आमच्या गल्लीत कचरा घेणाऱ्या ताई 'स्वच्छ' संस्थेच्या, ही कचरावेचकांची सहकारी संस्था. सॅनिटरी पॅड आणि डायपर वेगळे द्या, कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, हे त्यांचं सांगणं. आम्ही चौघींनी पत्रक करायला घेतलं, पण 'आरोग्यास घातक' लिहून कोणी हलेना. मग ताईंनाच विचारलं, काय लिहू? त्या म्हणाल्या, 'लिहा, ही पिशवी मी हाताने उघडते.' तेच मथळ्यात घेतलं. खाली हाताने काढलेली तीन चित्रं: गुंडाळलेला कागद, लाल स्केचपेन, वेगळी पिशवी. पॅड हा शब्द स्पष्ट लिहायचा की नाही यावर मीटिंगमध्ये खूप वेळ गेला. मी अडून बसले. पुरुषांनीही वाचायचं होतं ते, कचरा खाली नेणारे आमच्याकडे बहुतेक तेच. आणि छापलेले कागद पेटीत न टाकता ताई आणि मी दारोदार दिले. त्या सोबत होत्या म्हणून लोक दार उघडून बोलले.

गौरी_धायरी
ताईंना माझा नमस्कार सांगा __/\__

निखिल_एनएसएस
दादा-ताई, खूप उपयोगी धागा! आमच्या कॉलेजमध्ये रक्तदान शिबिर आहे. पत्रकात लिहिलंय: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५, पुरुषांना तीन आणि स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा देता येतं. वर 'रक्तदान हेच जीवनदान'. अजून काय?

शाल्मली_स
निखिल, माहिती चोख आहे. पण ती घोषणा काढ आणि मुलं कॅन्टीनमध्ये जे विचारतात ते वर घे. चक्कर येते का, सुई किती दुखते, किती वेळ जातो, लेक्चर बुडेल का. नाश्ता करून या, हे ठळक लिही. उपाशी येतात पोरं.

खिळेजुळारी
आणि छापायला देण्याआधी पत्रकावरचा नंबर तुझ्याच फोनवरून लावून बघ. प्रूफमध्ये शब्द सगळे तपासतात, आकडे कोणी वाचत नाही.

निखिल_एनएसएस
लावला काका. उचलला. दुपारपर्यंत नवा मजकूर इथे टाकतो, शैलजा आजी तुम्ही टाइप बघाल का?

शैलजा_जोशी
बघते की. चारनंतर टाक, पडते जरा.