ॲव्हरेजसाठी टायरमध्ये हवा किती ठेवावी? (नागपूर-वर्धा अपडाऊन)

नमस्कार मंडळी,

नागपूर-वर्धा रोजचं अपडाऊन आहे, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आसपास. पेट्रोल हॅचबॅक, गाडीत बहुतेक वेळा मी एकटाच. रेल्वेच्या वेळा ड्यूटीशी जुळत नाहीत, तेव्हा तो सल्ला कृपया राहू द्या.

ड्रायव्हरच्या दाराशी खांबावर जे स्टिकर आहे त्यात चारही चाकांना 33 पीएसआय दिलंय, गाडी भरलेली असेल तर मागे 36. ऑफिसातले एक साहेब मात्र 40 ठेवतात आणि लिटरमागे दोन किलोमीटर जास्त मिळतात असं छातीठोकपणे सांगतात. आधार काय, तर टायरच्या कडेवर छापलेलं 'मॅक्स 51'. माझ्या समजुतीप्रमाणे ती टायरची कमाल मर्यादा झाली, माझ्या गाडीसाठीची शिफारस नव्हे. बरोबर ना?

हवा कमी असली की टायर जास्त दबतो, रबर प्रत्येक फेऱ्याला वाकतं-सुटतं, तापतं आणि त्या उष्णतेत पेट्रोल वाया जातं, इथवर कळतं. पण फायदा किती? अमेरिकेच्या ऊर्जा विभागाचा हिशेब असा की चारही चाकांची सरासरी हवा 1 पीएसआयने उतरली की ॲव्हरेज साधारण 0.2 टक्के घटतं. तेच उलटं लावून 33 चे 40 केले तरी दीड टक्कासुद्धा होत नाही. 18 च्या ॲव्हरेजवर पाव किलोमीटर! साहेबांचे दोन किलोमीटर मला गाडीच्या डिस्प्लेवर दिसणाऱ्या ॲव्हरेजचे वाटतात.

खरी अडचण उन्हाची आहे. स्टिकरवरचा आकडा थंड टायरचा असतो म्हणे. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 ला टेकतो, गाडी दिवसभर उन्हात उभी. मग थंड म्हणायचं कधी? आणि तापून हवा वाढते म्हणून उन्हाळ्यात आधीच दोन-तीन पॉइंट कमी भरावी का? पंक्चरवाला तसंच करायला सांगतो.

जुनं_गॅरेज:
कमी अजिबात भरू नका. कमी हवेचा टायर जास्त वाकतो म्हणून जास्त तापतो, आणि उन्हाळ्यात टायर फुटायला तेच मोठं कारण. चालताना तीन-चार पॉइंट वाढतात ते कंपनीने धरलेलं असतं. गरम टायरमधली हवा सोडायची नाही.

थंड म्हणजे गाडी किमान तीन तास सावलीत उभी. तुम्ही सकाळी निघण्याआधी घरीच बघा. तापमान 10 अंशांनी बदललं की दीडेक पीएसआय फरक पडतो. दुपारी पंपावर तापलेल्या टायरमध्ये 33 भरली, तर दुसऱ्या दिवशी सकाळी 28-29 च निघेल. डिसेंबरात त्याहून कमी. बारा व्होल्टचा छोटा पंप आणि बरा गेज घेऊन ठेवा, पेट्रोल पंपावरच्या मीटरवर माझा भरवसा नाही.

घाटातला_वाटाड्या:
40 ठेवून टायर मधोमध घासलेले बरेच पाहिलेत. पेट्रोलचे वाचवलेले पैसे नव्या टायरांत जातात. शिवाय जास्त हवेने टायर रस्त्याला कमी टेकतो. आमच्या कुंभार्ली घाटात पावसात ब्रेक मारून बघा म्हणजे कळेल. (बघू नका, खरं तर.) सुका सरळ हायवे असेल तर स्टिकरपेक्षा दोन वर ठेवायला माझी हरकत नाही. त्यापुढे खड्ड्यात सस्पेन्शन आणि कंबर, दोन्हींचं काम होतं.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. म्हणजे सकाळी थंड असताना 35, पावसाळ्यात परत 33, आणि घरचे सगळे बसले की मागे 36. असं ठरवतोय. नायट्रोजनबद्दल काय मत? पंपावर प्रत्येक वेळी गळ्यात मारतात.

जुनं_गॅरेज:
साध्या हवेतच 78 टक्के नायट्रोजन असतो. उष्णतेने तोही तसाच फुगतो. फुकट मिळाला तर घ्या, पैसे देऊन नको. 35 चालेल, पण फरक डिस्प्लेवर पाहू नका. एकाच पंपावर नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी फुल करा आणि किलोमीटर भागिले लिटर काढा, तेही एसी सारखाच चालू असलेल्या महिन्यांत. आणि अलाइनमेंट कधी केली होती ते सांगा, गाडी एका बाजूला ओढत असेल तर हवेच्या दोन पॉइंटांनी काही होणार नाही.