सीनियर बॅकएंड आर्किटेक्ट रिमोट घ्यायचाय, पारखायचा कसा?

अर्धवट_डिप्लॉय:
मंडळी, आमचं छोटं स्टार्टअप. चार डेव्हलपर, सगळे आपापल्या घरून. एकच मोनोलिथ (सगळा कोड एकाच प्रोग्रॅममध्ये), खाली पोस्टग्रेस डेटाबेस. पेमेंटचा पसारा वाढतोय आणि रात्री काही बंद पडलं की सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, मी मूळचा फ्रंटएंडवाला. म्हणून बॅकएंडचा आर्किटेक्ट पूर्णवेळ घेतोय. पण जो येतो तो काफ्का (मेसेज इकडून तिकडे पोचवणारी यंत्रणा), कुबरनेटिस (अनेक सर्व्हरवर प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) आणि डझनभर मायक्रोसर्व्हिसेस (सुटे छोटे प्रोग्रॅम) यांचं चित्र काढून मोकळा होतो. खरा कोण आणि बोलबच्चन कोण, माझ्यासारख्याने ओळखायचं कसं?

लॉगवाचक:
आधी जाहिरातीतला 'आर्किटेक्ट' काढा. चौघांच्या टीमला नुसती चित्रं काढणारा परवडत नाही. स्टाफ इंजिनियर लिहा, आणि कोड लिहावा लागेल, ऑन-कॉलच्या (अवेळी बिघाड झाला की धावायच्या) पाळीत नाव असेल, हेही. बरेच अर्ज गळतील. गळू द्यात.

मुलाखतीत व्हाइटबोर्डवर डिझाइन काढायला लावणं मी कधीच सोडलं. 'ट्विटर डिझाइन करा' आता सगळ्यांना तोंडपाठ असतं. तुमचंच पेमेंट समोर ठेवा: गेटवेकडे रिक्वेस्ट गेली, टाइमआउट आला, पैसे कापले गेले की नाही ठाऊक नाही. आता? 'रिट्राय लावू' म्हणाला तर विचारा, दोनदा कापले गेले तर? इथे आयडेम्पोटन्सी की (प्रत्येक पेमेंटची वेगळी खूण, तीच परत आली तर पैसे पुन्हा कापायचे नाहीत) निघायलाच हवी. ती कोण बनवणार, कुठे ठेवणार, किती दिवस, यावर माणूस अडखळत का होईना, स्वतःच्या डोक्याने बोलला पाहिजे.

मग पुढचा. ऑर्डर डेटाबेसमध्ये पडली, पण काफ्कावर मेसेज टाकायच्या आत प्रोसेस मेली. ज्याने हे भोगलंय तो आउटबॉक्स टेबलवर येतो: ऑर्डरच्याच ट्रान्झॅक्शनमध्ये मेसेजही टेबलात लिहायचा, नंतर दुसरी प्रोसेस तो उचलून पुढे पाठवते. आणि न विचारता पुढे म्हणतो, 'मेसेज दोनदा जाऊ शकतो, घेणाऱ्याने सांभाळायचं.' हे ऐकलं की मी कान टवकारतो. तुमच्या आकाराला काफ्का लागतच नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला तिथल्या तिथे दुसऱ्या फेरीला बोलवा.

शेवटी लेखी. रिमोटमध्ये माणूस दिसत नाही, त्याचं लिखाण दिसतं. गिटलॅब या कोड ठेवायच्या सेवेचा ३१ जानेवारी २०१७ च्या बिघाडाचा अहवाल त्यांनीच जाहीर केलाय, तो वाचायला द्या. प्रायमरी डेटाबेसची डिरेक्टरी चुकून उडाली. बॅकअप शोधायला गेले तर पीजी-डम्पच्या (पोस्टग्रेसच्या बॅकअप टूलच्या) फाइलीच नाहीत, कारण डम्पचं व्हर्जन ९.२ आणि डेटाबेसचं ९.६. बरं, फेल झाल्याचे ईमेलही वाटेतच नाकारले जात होते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला. आता उमेदवाराला सांगा, 'आमच्याकडे हेच उद्या झालं तर', एक पान लिहा. कमांड चालवणाऱ्या माणसावर घसरलेलं पान आलं की मी तिथेच थांबतो. बॅकअपमधून डेटा परत उभा करून कोण, कधी बघतं, असं विचारणारं आलं तर पुढे जा.

स्कीमावाली:
लेखी कामाचे पैसे द्या हो. नोकरी सांभाळून कोण फुकट पानं लिहिणार? मी तर घरचा अभ्यास देतच नाही, दोन तास एकत्र बसते. चालू टेबलवर, भरपूर ओळी, रायटिंग सुरू, इंडेक्स (ओळी पटकन शोधायची सूची) टाकून दाखवा म्हणते. 'कॉन्करंटली' (रायटिंग न थांबवता इंडेक्स बनवायचा पर्याय) आलं नाही तर रायटिंग अडकतं. आलं, तर तो इंडेक्स मध्येच फेल झाल्यावर इनव्हॅलिड म्हणून मागे राहतो, हे माहीत आहे का बघते. ते फक्त करून बसलेल्यालाच माहीत असतं.

अर्धवट_डिप्लॉय:
पैसे देऊ, मान्य. पगारात मोठ्या कंपन्यांशी बरोबरी जमणार नाही, शेअर देतोय. आणि वेळेचं काय? एक जण बराच लांबच्या टाइमझोनमधला आहे.

लॉगवाचक:
चार वर्षांचं व्हेस्टिंग (शेअर हळूहळू नावावर होणं), पहिल्या वर्षाचा क्लिफ (वर्षाच्या आत सोडलं तर काहीच नाही), हे सगळीकडे चालतं. पण नुसता शेअरचा आकडा सांगू नका. एकूण शेअर किती आणि पैसे किती महिने पुरतील, हे तोच विचारतो का बघा. नाही विचारलं तर मला शंका येते.
वेळेचं म्हणाल तर रोज तीन-चार तास सगळे एकदम जागे हवेत. बाकी निर्णय लिहून, एडीआर (डिझाइनच्या निर्णयांची नोंद) कोडच्या रेपोतच: काय ठरलं, का, काय सोडलं. कॉलवर ठरलेलं महिन्याने कोणाला आठवत नाही.

अर्धवट_डिप्लॉय:
जाहिरात बदलली. उद्या दोघे आहेत, आउटबॉक्सचा प्रश्न घेतो. खरं म्हणजे आमच्याकडे ते टेबल नाहीच. आधी सांगू का?

स्कीमावाली:
नका सांगू. 'तुमच्याकडे सध्या कसं चालतं?' हे विचारतात का ते बघा.