त्रिमितीय विविक्त फूरिए रूपांतर कमी वेळात कसे काढावे?

भूजल, दारव्हा:
आमच्या भागातील विद्युत-प्रतिरोधकता सर्वेक्षणाचे आकडे मी २०० × २०० × ६४ अशा नियमित जाळीत बसवले आहेत. फूरिए रूपांतराने, म्हणजे आकड्यांची वेगवेगळ्या वारंवारतांत फोड करून, संथ बदलणारी पार्श्वभूमी वगळून बेसॉल्टमधील भेगांचे पट्टे ठळक करायचे आहेत. व्याख्येप्रमाणे एकात एक सहा लूप घालून लिहिलेला प्रोग्राम रात्रभर चालूनही संपत नाही, आणि भारनियमनात लॅपटॉप तेवढा टिकत नाही. दोन्ही आडव्या बाजू शून्ये भरून २५६, म्हणजे २ चा घात, केल्यास उपयोग होईल का?

गणित, वर्धा:
आपल्या जाळीत २५,६०,००० बिंदू आहेत. प्रत्येक सहगुणकासाठी (म्हणजे रूपांतरातून मिळणाऱ्या प्रत्येक वारंवारतेच्या मूल्यासाठी) सर्व बिंदूंवर बेरीज केल्यास सुमारे साडेसहा लाख कोटी गुणाकार होतात. परंतु या रूपांतराचा गाभा, म्हणजे ज्याने प्रत्येक आकड्याला गुणायचे ती राशी, तीन अक्षांच्या तीन घटकांत सुटा होतो. त्यामुळे आधी ओळींचे, मग स्तंभांचे आणि शेवटी खोलीच्या दिशेने एकमितीय रूपांतर केले तरी उत्तर तेच येते. एवढ्यानेच काम प्रति बिंदू २०० + २०० + ६४, म्हणजे एकूण सुमारे ११९ कोटी गुणाकारांवर येते, आणि एकमितीय टप्प्यासाठी कूली व टूकी यांनी १९६५ मध्ये मांडलेली एफएफटी (जलद फूरिए रूपांतराची रीत) वापरल्यास ते आणखी कितीतरी घटते. २५६ ची गरज नाही. २०० चे मूळ अवयव २ आणि ५ एवढेच असल्याने तयार लायब्ररी ती लांबी सहज हाताळतात. उलट शून्ये भरून जाळी दीडपटीहून अधिक फुगेल. आकडे वास्तव (काल्पनिक भाग नसलेले) असल्याने खोलीच्या अक्षावर ६४ ऐवजी ३३ सहगुणक साठवले तरी पुरे.

खडक, पुसद:
वेगाचा प्रश्न वरील उत्तराने सुटतो, पण माझ्या मते खरी अडचण खोलीच्या अक्षावर आहे. फूरिए रूपांतर आकडे चक्राकार मानते, म्हणजे तळाच्या बेसॉल्टला लागून पुन्हा वरची काळी माती येते, आणि या खोट्या उडीमुळे उच्च वारंवारतेत नेमका तोच गोंधळ माजतो ज्यात आपण भेगा शोधत आहात. अक्ष सुटे असल्याने प्रत्येकावर वेगळे रूपांतर चालते: आडव्या दोन्ही दिशांना कडा हळूहळू उतरत्या करून फूरिए ठेवावे आणि खोलीला कोसाइन रूपांतर लावावे, कारण ते आकड्यांचे आरशासारखे प्रतिबिंब गृहीत धरते आणि एफएफटीनेच तितक्याच वेगाने काढता येते.

भूजल, दारव्हा:
आभारी आहे. सी भाषेत प्रोग्राम स्वतः लिहिल्यास अक्षांचा क्रम महत्त्वाचा ठरतो का?

गणित, वर्धा:
उत्तरात फरक पडत नाही, वेळेत पडतो. खोली शेवटचा अक्ष असेल, तर पहिल्या अक्षावरील लगतची मूल्ये स्मृतीत १२,८०० स्थाने दूर असतात. म्हणून काही ओळींचा गठ्ठा सलग जागी उचलून घ्यावा, रूपांतर करावे आणि परत ठेवावे.