'वे' आणि 'मेझर': टॉवेल वजन करतो की वजनाला भरतो?

काटा_आणि_टेप: सोलापुरातून टेरी टॉवेल परदेशी जातात, त्यासोबतच्या पत्रांत 'द टॉवेल इज वेइंग ४९० ग्रॅम्स' असं वाक्य सापडतं. माझ्या मते ही चूकच. माणूस टॉवेल काट्यावर ठेवतो, ते वजन करणं; तिथं 'ही इज वेइंग द टॉवेल' बरोबर. टॉवेल ४९० ग्रॅम भरतो, ही त्याची स्थिती. तिथं साधा वर्तमानकाळ, 'द टॉवेल वेज ४९० ग्रॅम्स'. आपल्याकडे 'करणे' आणि 'भरणे' वेगळे आहेत, इंग्रजी एकाच क्रियापदावर भागवते. 'मेझर'चंही तेच: 'वी मेझर्ड द टॉवेल', पण 'द टॉवेल मेझर्स ७० बाय १४० सेंटिमीटर'.

आडवा_धागा: पटलं नाही. खरेदीदाराला आकडा कळला की झालं की! शिवाय 'द टॉवेल इज वेइंग लेस आफ्टर एव्हरी वॉश' चालतंच. मग सरसकट चूक कशी?

काटा_आणि_टेप: तिथं वजन बदलतंय, म्हणून चालतं. ४९० हा ठरलेला आकडा आहे. कर्मणी प्रयोग करून बघा. 'द टॉवेल वॉज वेड' जमतं. '४९० ग्रॅम्स वेअर वेड बाय द टॉवेल' हास्यास्पद होतं, कारण ४९० ग्रॅम हे कर्म नाही, परिमाण आहे.

लाल_शाई: तुम्ही दोघं 'आयएनजी'वर अडलात, खरा घोळ पुढं आहे. 'प्लीज वेट द सॅम्पल' असं लिहितात. क्रियापद म्हणून 'वेट' म्हणजे भार लावणं. वजन करायचं तर 'वे'च. त्याहून महाग पडतं ते 'मेझर्स'. माप कमी असल्याची तक्रार आली आणि 'वी हॅव टेकन मेझर्स' असं उत्तर गेलं, तर समोरचा समजतो की दोष कबूल, उपाययोजनाही झाली. मापं घेतली म्हणायचं असेल तर 'मेझरमेंट्स'.

आडवा_धागा: म्हणूनच क्रियापदच नको. सरळ तक्ता द्या: साइझ ७० × १४० सेंमी, ५०० जीएसएम (दर चौरस मीटरला ग्रॅम), वेट ४९० ग्रॅम. ०.९८ चौरस मीटर गुणिले ५००, हिशेब जुळतो. डझनाचे ५.८८ किलो.

काटा_आणि_टेप: स्पेक शीटला, म्हणजे मालाच्या तपशीलपत्राला, तक्ता उत्तम. तक्रारीच्या उत्तरात मात्र कुणी मोजलं, धुण्याआधी की नंतर, हे लिहावंच लागतं. टॉवेल धुतला की आटतो, वाद तिथंच होतो. 'वी मेझर्ड द टॉवेल आफ्टर थ्री वॉशेस. इट मेझर्ड १३४ सेंटिमीटर इन लेंग्थ.' पहिला 'मेझर्ड' मोजणाऱ्याचा, दुसरा टॉवेलचा.

लाल_शाई: हे ठीक. फक्त दुसऱ्या ठिकाणी कुणी 'इट वॉज मेझर्ड १३४' करू नका. 'वॉज' घातलं की आकड्याआधी 'ॲट' लागतो.