मदत हवी आहे: पेरणी यंत्रांच्या ऑर्डरसाठी कॉन्फिग्युरेटर घ्यावा का?

राम राम मंडळी. दारव्हा तालुक्यात आमचं शेती अवजारांचं वर्कशॉप आहे. पेरणी यंत्र, कल्टिव्हेटर, ट्रॉली, सगळं ऑर्डरप्रमाणे बनवतो.

यंदा मिरगाच्या तोंडावर एका काकांनी फोनवर सोयाबीनसाठी दोन ओळींत १८ इंच अंतर सांगितलं. वहीला ग्रीसचा हात लागला, आकडा पुसट झाला, वेल्डरने १६ धरलं. सातही फण कापून पुन्हा जोडले. दोन दिवस गेले आणि त्यांच्या वावरातला वाफसाही गेला. काका काही बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

आता प्रॉडक्ट कॉन्फिग्युरेटरचा, म्हणजे गिऱ्हाइकाने स्वतःच ऑर्डर जुळवायच्या सॉफ्टवेअरचा, विचार चालू आहे. गिऱ्हाइकाने मोबाइलवर ट्रॅक्टरचा एचपी, फण, अंतर निवडायचं. भाव तिथंच दिसतो, न जुळणारी जोडणी निवडताच येत नाही, मालाची यादी थेट वर्कशॉपला.

पण वर्षाला आमच्या दीडशेच ऑर्डर, त्याही बहुतेक मे-जूनमधल्या. लोखंडाचा भाव हलला की दर कोण बदलणार? कोणत्या एचपीला किती फण ओढवतात, हे सगळं आमच्या मिस्त्रींच्या डोक्यात. ते कागदावर उतरवल्याशिवाय सॉफ्टवेअर तरी काय करणार? मला वाटतं, आधी एक्सेलमध्ये फक्त पेरणी यंत्राचे नियम मांडून एक हंगाम काढावा.

लहान वर्कशॉपात कोणी हे वापरलंय का भाऊ? किती ऑर्डरींपासून परवडतं? दरवर्षीचा खर्च किती येतो? मराठीत चालतं का? दिवाळीपर्यंत ठरवायचं आहे.