मंगळवारचा पिचर: एकाच पोराला द्यायचा की वाटून टाकायचा?

केरीकर:
गेली अकरा वर्षं नॉर्थ कॅरोलायनात राहतोय. फेब्रुवारीच्या मध्यावर कॉलेज बेसबॉल सुरू झाला की मी संध्याकाळी घरी सापडत नाही. एक गोष्ट दरवर्षी खटकते, म्हणून हा धागा.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात: शुक्रवार ते रविवार एकाच संघाशी तीन सामने, बहुतेक लीगमधले. त्या तीन दिवसांचे तीन पिचर (चेंडू टाकणारे) ठरलेले असतात. मंगळवारी किंवा बुधवारी एक सुटा सामना, बहुधा जवळपासच्या कॉलेजशी. त्यात पहिला चेंडू कोणी टाकायचा?

हल्ली बरेच कोच मंगळवार वाटून टाकतात. एक इनिंग (सामन्यातल्या नऊ फेऱ्यांपैकी एक, तीन बाद झाले की संपते) याला, एक त्याला, असे सात-आठ पिचर येऊन जातात. माझं ठाम मत आहे की हा सामना पहिल्या वर्षाच्या एकाच मुलाला द्यावा. सलग सात-आठ आठवडे द्यावा आणि चार इनिंग होईपर्यंत त्याला हलवू नये.

मार्चमधला एक मंगळवार आठवतो. थंडी अशी की पोरगा माउंडवरून, म्हणजे पिचरच्या उंचवट्यावरून, खाली उतरून हातावर फुंकर मारत होता. पहिल्या दोन इनिंग झकास गेल्या. तिसरीत एक वॉक (चेंडू भरकटल्याने बॅटरला फुकट मिळालेला बेस), एक साधा हिट, पुन्हा वॉक. तिन्ही बेस भरले. त्याने टोपी काढून कपाळ पुसलं, चेंडू दोन्ही तळव्यांत घोळवला, आणि तेवढ्यात कोच डगआउटमधून (संघाच्या बाकावरून) निघाला. फक्त सदतीस चेंडू झाले होते. पुढच्या पिचरने इनिंग सावरली, संघ जिंकलाही. पण बेस भरलेले असताना काय करायचं, ते त्या मुलाला त्या रात्री शिकायचं होतं. ते राहून गेलं.

डावखुरा:
केरीकर, तळमळ कळते, पण मंगळवारचा निकाल कागदावर शुक्रवारइतकाच मोजला जातो. NCAA (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संस्था) च्या स्पर्धेच्या ६४ संघांत कोण आणि पहिली १६ रिजनल, म्हणजे चार-चार संघांचे गट, कुणाच्या मैदानावर, हे ठरवताना आरपीआय, म्हणजे संघांची क्रमवारी लावणारं गणित, बघतात. त्यात स्वतःच्या जय-पराजयाचा वाटा २५ टक्के, आणि तिथे घरच्या मैदानावर जिंकलात तर ०.७, हरलात तर १.३ धरतात. म्हणजे घरी मंगळवारी हरलेला एक सामना भरून काढायला घरचे दोन विजयही जेमतेम पुरतात.

शिवाय समोर कोण असतं? तुमच्याच राज्यात ईस्ट कॅरोलायना, विल्मिंग्टन, कॅम्पबेल. ईस्ट कॅरोलायना तिसाहून जास्त वेळा NCAA स्पर्धेत गेलेला संघ आहे. ओमाहाची अंतिम फेरी त्यांच्या नशिबी अजून आली नाही हे खरं, पण अठरा वर्षांच्या पोराला घाम फोडायला ते पुरेसे आहेत. सात पिचर एकेक इनिंग टाकतात तेव्हा बॅटरला कुणाचाच अंदाज येत नाही. ती पद्धत जिंकून देते.

रॅलेची आई:
मी दोघांच्या मधे बोलते. माझा मुलगा पिचर आहे, कुठल्या संघात ते नको. मागच्या वर्षी तो या 'वाटून टाकायच्या' मंगळवारांतला होता. एका आठवड्यात मंगळवारी एक इनिंग, चौदा चेंडू. शनिवारी बुलपेनमध्ये (पिचरच्या सरावाच्या जागेत) चेंडू टाकून दोनदा अंग गरम केलं, बोलावलं नाही. रविवारी पुन्हा गरम केलं, मग दोन बॅटर. स्कोअरशीटवर त्या आठवड्याचे बावीस चेंडू दिसतात. मी कुंपणापलीकडे उभी राहून वहीत मोजले तर नव्वदच्या वर गेले. कॉलेज बेसबॉलमध्ये चेंडूंवर मर्यादाच नाही, आणि गरम करतानाचे तर कोणीच धरत नाही.

एप्रिलमध्ये कोपर दुखायला लागलं. टॉमी जॉन शस्त्रक्रियेपर्यंत (कोपराचा फाटलेला स्नायुबंध बदलण्यापर्यंत) गेलं नाही ही देवाची कृपा, नाहीतर वर्ष-सव्वा वर्ष गेलंच असतं. ठरलेला दिवस असला की मुलाला कधी झोपायचं, कधी वजनं उचलायची, कधी हाताला विश्रांती द्यायची हे कळतं. मला तेवढंच हवंय.

ऑस्टिनवाला:
मुलगा तेवढा चांगला असेल तर त्याला शनिवारी-रविवारी खेळवा की! व्हँडरबिल्ट कॉलेजचा पिचर कुमार रॉकर आठवा, आई भारतीय वंशाची म्हणून आपल्याकडेही कौतुक झालं होतं. २०१९ साली पहिल्याच वर्षात होता. सुपर रिजनलमध्ये (रिजनलनंतरच्या फेरीत) व्हँडरबिल्ट पहिला सामना १८-५ असा हरलेला, दुसऱ्यात हा उभा राहिला आणि १९ बॅटर स्वतः बाद करून नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्यांना एकही हिट दिला नाही. तेवढा नसेल तर मंगळवार तरी त्याच्यावर का घालवायचा?

केरीकर:
ऑस्टिनवाला, तो नो-हिटर आमच्या शेजारच्या ड्यूक कॉलेजविरुद्ध होता, विसरणं शक्य नाही! पण रॉकर दहा वर्षांत एखादा. मी बाकीच्यांबद्दल बोलतोय. त्या दिवशी त्याने १३१ चेंडू टाकले, तेही बघा. एवढं पेलायची सवय एकेका इनिंगने लागत नाही.

डावखुरा, आरपीआयचं मान्य. आता जून बघा. रिजनलमध्ये शुक्रवारी हरलात तर बाहेर पडायचं नसेल तर चार दिवसांत पाच सामने. तीन पिचर शनिवार-रविवारीच संपतात. सोमवारी माउंडवर कोण? मंगळवार वाटून टाकलेल्या संघाकडे तेव्हा चौथ्या इनिंगपर्यंत कधीच न गेलेली मुलं उरतात. आणि ज्या पोरावर विश्वास दाखवला नाही, ते हंगाम संपला की ट्रान्सफर पोर्टलमध्ये (कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव घालून मोकळं होतं.

डावखुरा:
सोमवारचा मुद्दा बिनतोड आहे, तिथे मी गप्प. मग असं करू. एप्रिल संपेपर्यंत एकच मुलगा, पण पन्नास चेंडूंची हद्द, म्हणजे गरज पडली तर रविवारी एखादी इनिंग टाकू शकेल. मे महिन्यात संघ काठावर असेल तर मात्र जो ताजा असेल तो. बेस भरले म्हणून काढू नये, हे तुमचं घेतलं.

केरीकर:
पन्नास कमी आहेत. पासष्ट करा, आणि रविवारी त्याला बोलावूच नका. मे महिन्याचं मला पटत नाही.

रॅलेची आई:
पासष्ट चालतील, रविवार नको, आणि गरम करतानाचेही त्यातच धरा. माझा मुलगा यंदा दुसऱ्या वर्षाला आहे. त्याला मंगळवार मिळाला तर ऑफिसातून लवकर निघून मी कुंपणाशी असेन, वही घेऊन.