इराक युद्धावरची चर्चा ब्रिटनमध्ये आणि अमेरिकेत एवढी वेगळी का झाली?

रोहिणी_कराड

मी एम.ए. पॉलिटिकल सायन्सच्या सेकंड इयरला आहे, सेमिनारला २००३ चं इराक युद्ध घेतलंय. आठ दिवस झाले रात्री जागून जुने व्हिडिओ बघतेय, ब्रिटिश पार्लमेंटच्या हाऊस ऑफ कॉमन्सचे आणि अमेरिकन सिनेटचे. युद्ध एकच, सद्दामकडे संहारक शस्त्रं आहेत हा दावाही एकच, पण लंडनमध्ये पंतप्रधान टोनी ब्लेअर बोलायला उभा राहिला की त्याच्याच पक्षाचे खासदार मध्येच उठून त्याला अडवतात, आणि तिकडे सिनेटर बोलतोय तर मागच्या खुर्च्या रिकाम्या. बुश तर सभागृहात दिसतच नाही. हा नुसता पद्धतीचा फरक आहे का? आणि शेवटी दोन्ही देश युद्धात गेलेच, मग चर्चा चांगली झाली काय न झाली काय? तेव्हा तिकडे कुणी असाल तर प्लीज लिहा, पुस्तकातलं माझ्याकडे आहे.

माधवी_हाउन्स्लो

रोहिणी, मी तेव्हा लंडनला होते, लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. युद्धाविरुद्धचा १५ फेब्रुवारीचा मोर्चा शनिवारी होता, आम्ही दोघं नुसतं बघायला म्हणून गेलो आणि हाइड पार्कपर्यंत चालत राहिलो, पोलिसच साडेसात लाख म्हणत होते आणि आयोजक तर वीस लाख. थंडी मरणाची. माझ्या शेजारी एक सत्तरीच्या आजीबाई होत्या, थर्मासमधला चहा त्यांनी मलाही दिला, म्हणाल्या आयुष्यभर कन्झर्व्हेटिव्हला मत दिलंय, मोर्चात पहिल्यांदाच आलेय. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण तिथे विरोध हा एका पक्षाचा राहिलाच नव्हता. उलट कन्झर्व्हेटिव्ह खासदार बहुतेक सगळे ब्लेअरच्या बाजूने आणि विरोध त्याच्याच लेबर पक्षात.

तू रॉबिन कुकचं १७ मार्चचं भाषण बघितलंस का? नसेल तर आधी ते बघ. आधी परराष्ट्रमंत्री राहिलेला माणूस, त्या दिवशी मंत्रिमंडळाचा राजीनामा देऊन मागच्या बाकावरून बोलला. आवाज चढवला नाही, ब्लेअरला शिव्या दिल्या नाहीत, फक्त मुद्दा मांडला, की सद्दामचं सैन्य दुबळं आहे म्हणून युद्ध लवकर संपेल असंही तुम्ही म्हणणार आणि त्याच्यापासून धोका आहे असंही म्हणणार, हे दोन्ही एकदम कसं चालेल? कॉमन्समध्ये टाळ्या वाजवायची रीत नाही, तरी लोक उठून टाळ्या वाजवायला लागले. मी घरी टीव्हीसमोर होते, अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी मतदान झालं, ४१२ विरुद्ध १४९, युद्ध मंजूर. पण त्याआधी 'युद्धाची गरज अजून सिद्ध झालेली नाही' या दुरुस्तीला २१७ मतं पडली, त्यात १३९ लेबरची. स्वतःच्या पंतप्रधानाविरुद्ध १३९!

संजय_एडिसन

मी २००० पासून न्यू जर्सीत. माधवीताई, तुमच्याकडे जो मोर्चा झाला तसा न्यूयॉर्कलाही त्याच दिवशी झाला, मोठा झाला, पण आमच्या ऑफिसात सोमवारी त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. कारण ११ सप्टेंबर. आमच्या ट्रेनच्या स्टेशनाच्या पार्किंगमध्ये त्या दिवशीनंतर काही गाड्या तशाच उभ्या होत्या, कुणी न्यायला आलंच नाही, ते ज्याने बघितलंय त्याला कळेल की इथे इराकबद्दल नुसता प्रश्न विचारला तरी समोरच्याला तो त्या मेलेल्या माणसांबद्दल विचारल्यासारखा का लागायचा. इंग्लंडात वाद चालला होता संयुक्त राष्ट्रांचा, इराकला शस्त्रं सोडायची शेवटची संधी देणाऱ्या १४४१ नंबरच्या ठरावाचा, दुसरा ठराव पाहिजे का नको, कायद्यात बसतं का नाही. इथे कायदा कुणी काढतच नव्हतं. इथे एकच, आपण सुरक्षित आहोत का आणि तुम्ही आपल्या सैनिकांच्या बाजूने आहात का.

आणि वेळ बघ. इथलं मतदान ऑक्टोबर २००२ ला उरकलं, युद्धाच्या पाच महिने आधी आणि निवडणुकीच्या तोंडावर. काँग्रेस म्हणजे इथल्या संसदेच्या हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हजमध्ये २९६-१३३, सिनेटमध्ये ७७-२३. हिलरी क्लिंटन, केरी, बायडेन, सगळे हो म्हणाले. गुप्तचर खात्याचा नव्वदेक पानांचा पूर्ण अहवाल वाचायला ठेवला होता, तो जाऊन वाचणारे सिनेटर मोजके. बॉब ग्रॅहमनी वाचला, विरोधात मत दिलं. मग फेब्रुवारीत ८५ वर्षांचे रॉबर्ट बर्ड सिनेटमध्ये उभे राहून म्हणाले की हे सभागृह गप्प आहे, भयंकर गप्प आहे. तुला त्या ज्या रिकाम्या खुर्च्या दिसल्या ना, त्यांचंच दुखणं ते सांगत होते. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

अजून एक. डिक्सी चिक्स या अमेरिकन कंट्री बँडच्या गायिकेने १० मार्चला लंडनमधल्या कार्यक्रमात सांगितलं की आमचा प्रेसिडेंट टेक्ससचा आहे याची आम्हाला लाज वाटते. तिथे लोकांनी जल्लोष केला. तेच वाक्य इथे पोचलं आणि रेडिओ स्टेशनांनी त्यांची गाणी बंद केली, लोकांनी सीड्या फोडल्या.

देशपांडे_सर_सोलापूर

छान चाललंय. रोहिणी, सेमिनारला एक गोष्ट ठळक मांड. कागदावर युद्ध पुकारायचा अधिकार अमेरिकेत काँग्रेसला आहे, ब्रिटनमध्ये पार्लमेंटला नाहीच, तो राजाच्या नावाने पंतप्रधान वापरतो. आणि घडलं उलटं. अमेरिकन काँग्रेसने आपला अधिकार आधीच प्रेसिडेंटच्या हाती देऊन टाकला, आणि ज्या पार्लमेंटला अधिकारच नव्हता तिच्यापुढे पंतप्रधानाला युद्धाच्या दोन दिवस आधी उभं राहून मत मागावं लागलं. कारण तो त्याच सभागृहात बसतो, त्याची खुर्ची त्या लोकांच्या मतावर आहे. प्रेसिडेंटची नाही.

पण माधवीताई, कॉमन्सचं फार कौतुक करू नका. तिथल्या खासदारांपुढे सप्टेंबर २००२ ची फाइल होती, ४५ मिनिटांत शस्त्रं तयार होतात म्हणणारी, ती चूक निघाली. भाषणं कितीही उत्तम असोत, समोर ठेवलेला पुरावाच खोटा असेल तर काय? या फाइलबद्दल बीबीसीच्या पत्रकाराशी बोललेले ब्रिटिश शस्त्रतज्ज्ञ डॉ. केली गेले जुलै २००३ मध्ये. ब्लेअर अमेरिकन काँग्रेससमोर भाषण करून उभ्याने टाळ्या घेत होते त्याच दिवशी ते घरातून बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी मृतदेह सापडला. ब्रिटनच्या इराक युद्धातल्या सहभागाची चौकशी करणाऱ्या चिलकॉट समितीचा अहवाल यायला २०१६ उजाडलं. १७९ ब्रिटिश सैनिक, साडेचार हजारांच्या आसपास अमेरिकन, आणि इराकी किती याला हिशोबच नाही.

आपल्याकडचंही बघून ठेव, ८ एप्रिल २००३ ला लोकसभेने या युद्धावर ठराव केला, स्पीकर मनोहर जोशी होते. कुठला शब्द वापरायचा यावर बरीच घासाघीस झाली आणि शेवटी 'निंदा' शब्द ठरला.

रोहिणी_कराड

सर, हा कागदावरचा मुद्दा माझ्या डोक्यातच नव्हता, थँक्यू. संजयदादा, ते पार्किंगचं वाचून गप्पच झाले. पण मूळ प्रश्न राहिलाच की, माधवीताई, उपयोग काय झाला?

माधवी_हाउन्स्लो

सरांचं बरोबर आहे, पुरावा खोटा होता, आणि तो ज्यांच्या गळी उतरला त्यात मीही आले असते, मला काही माहीत नव्हतं. तरी उपयोग झाला गं, दहा वर्षांनी झाला. ऑगस्ट २०१३ मध्ये तेव्हाचा पंतप्रधान कॅमेरॉनला सीरियावर हल्ला करायचा होता, तोही कॉमन्समध्ये आला, कारण २००३ नंतर न विचारता जाणं अवघड झालं होतं. २८५ विरुद्ध २७२ ने हरला आणि म्हणाला, ठीक आहे, नाही जात. आणि संजय, तुम्हाला आठवत असेल, दोनच दिवसांनी ओबामाने जाहीर केलं की मीही आधी काँग्रेसला विचारतो.

रॉबिन कुक २००५ मध्ये डोंगर चढताना गेले. एडिनबरोला त्यांची कबर आहे. दगडावर त्यांचेच शब्द आहेत, की युद्ध थांबवण्यात मला कदाचित यश आलं नसेल, पण युद्धाचा निर्णय घ्यायचा पार्लमेंटचा हक्क मी मिळवून दिला. आम्ही मुलीला घेऊन गेलो होतो, तिने वाचून मला विचारलं आई हे कोण, आणि मला तिथे पावसात उभं राहून सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं.